ईटीपी बंद होता आणि रेट मी पाडला होता

पर्चेसमध्ये मला चौदा वर्षं झाली. लोकांना वाटतं पर्चेस म्हणजे नुसती फोनवरची घासाघीस, आणि खरं सांगायचं तर पहिली सात-आठ वर्षं मी तेच केलं, आणि बऱ्यापैकी चांगलं केलं, म्हणजे वर्षाच्या शेवटी कॉस्ट सेव्हिंगची शीट निघायची त्यात माझं नाव वरच्या दोघा-तिघांत असायचं. तीन कोटेशन मागवायची, सगळ्यात कमी असेल त्याला बोलवायचं, त्यालाही अजून खाली आणायचं, आणि त्याचा आकडा दाखवून बाकीच्या दोघांना घाम फोडायचा. हे सगळं मला येतं. त्यामुळे पुढे जे लिहितेय ते कुठल्या तरी एनजीओवालीचं नाही, रेट पाडणारीचं आहे.

एक प्लेटिंगवाले होते आमचे. ब्रॅकेट, क्लॅम्प, स्क्रू असल्या पार्टवर झिंक प्लेटिंग आणि त्यावर पिवळं पॅसिव्हेशन, म्हणजे गंज रोखणारा हेक्साव्हॅलंट क्रोमियमचा पातळ थर, करून द्यायचे. ऑडिटला आधी तारीख देऊन गेलं की सगळं झाडूनपुसून चकाचक असतं, हातमोजे नवे, बोर्डावर नवे चार्ट. त्या दिवशी मात्र ऑडिट नव्हतं, एका लॉटच्या प्लेटिंगला फोड आले होते, म्हणून सकाळी फोन केला आणि दुपारी पोचलेच. बाथ बघितले, रॅक बघितले, आणि मग कोणी थांबवायच्या आत मागच्या बाजूला गेले जिथे ईटीपी असतो, म्हणजे घाण पाणी साफ करायचं युनिट.

चार टाक्या, दोन डोसिंग पंप, एक फिल्टर प्रेस. पंपाच्या मोटरवर धुळीचा थर. फिल्टर प्रेसच्या कापडावरचा गाळ इतका वाळलेला की त्याला भेगा गेलेल्या. पण मला कळलं ते पाण्याच्या रंगावरून. हेक्साव्हॅलंट क्रोमियमचं पाणी पिवळंधम्मक असतं. त्यात ॲसिड टाकून पीएच दोन-अडीचवर आणतात, मग सोडियम मेटाबायसल्फाइट टाकतात, की त्याचं ट्रायव्हॅलंट, म्हणजे खूपच कमी विषारी क्रोमियम होतं आणि पाणी हिरवट दिसायला लागतं, मग चुना टाकून पीएच साडेआठ-नऊच्या आसपास नेला की क्रोमियम गाळ होऊन तळाला बसतं आणि वर नितळ पाणी राहतं. म्हणजे पहिली टाकी पिवळी, दुसरी हिरवट, शेवटची स्वच्छ, असं दिसायला पाहिजे. इथे पहिली पिवळी आणि शेवटचीही पिवळीच. आणि हेक्साव्हॅलंट क्रोमियम म्हणजे काही साधा रंग नाही, ते माणसाला कॅन्सर करतं हे सिद्ध झालेलं आहे, त्यावर कुणाचाच वाद नाही.

मालक साठीच्या आसपासचे, मी त्यांना काकाच म्हणायचे. विचारलं, "काका, हे बंद आहे का?"

"बंद नाही मॅडम, आठवड्यातून दोनदा चालवतो."

"आणि प्लेटिंग आठवड्याचे सहा दिवस?"

ते जरा वेळ गप्प बसले. मग अगदी शांतपणे म्हणाले, "मॅडम, गेल्या वर्षी तुम्ही आठ टक्के कमी करायला लावलेत, तेव्हा मी तुम्हाला विचारलं होतं, कुठून काढू. तुम्ही म्हणालात ते तुमचं तुम्ही बघा. मग मी बघितलं."

म्हणाले होते मी तसं. आठवतंय चांगलं. तिसऱ्या राउंडला, दुसऱ्या प्लेटिंगवाल्याचं कोटेशन टेबलावर उलटं ठेवून.

येताना गाडीत मी मोबाईलवर त्यांच्या रेटची फोड करत बसले. झिंकचा भाव बाजार ठरवतो, तो त्यांच्या हातात नाही. केमिकलचा भाव त्यांचा सप्लायर ठरवतो. विजेचं बिल मीटर ठरवतं, प्लेटिंगला करंट देणारा रेक्टिफायर काही कमी वीज खात नाही. भाडं, बँकेचा हप्ता, हे ठरलेलं. मग उरलं काय तर माणसांचा पगार आणि ते मागचं पाणी. आठ टक्के यातूनच निघणार होते, दुसरीकडून निघायला जागाच नव्हती, आणि हे मला पाच मिनिटांच्या हिशोबात कळलं जे मी आदल्या वर्षी तीन राउंडमध्ये करून बघितलं नव्हतं. का नाही बघितलं, तर बघायचं कारणच नव्हतं, माझ्या केआरएमध्ये, म्हणजे वर्षाच्या टार्गेटमध्ये, सेव्हिंग होतं, पाणी नव्हतं.

यातला विनोद पुढे आहे. या काकांनी आमच्या सप्लायर कोड ऑफ कंडक्टवर सही केली होती. अकरा पानं. बालमजुरी नाही, जबरदस्तीचं काम नाही, कायद्याप्रमाणे वेतन, सांडपाण्यावर प्रक्रिया, सगळं त्यात. प्रत्येक पानाखाली त्यांचा शिक्का. पण आमच्या बाजूने आम्ही काय करणार किंवा काय करणार नाही, याचं एक पान नव्हतं. म्हणजे "आम्ही खर्चाच्या खाली रेट मागणार नाही" किंवा "आठवड्याभरात शेड्यूल डबल करणार नाही" असं कुठेच नाही. सगळी जबाबदारी त्याच्या सहीची, आणि पीओवर, म्हणजे ऑर्डरच्या कागदावर, सही आमची.

बॉसला सांगितलं तर पहिलं उत्तर आलं, ब्लॉक करा त्याला. सरळ मार्ग. फाइल क्लीन राहते, उद्या कुणी विचारलं तर "आम्ही लगेच कारवाई केली" म्हणता येतं. मी पण अर्धा दिवस त्याच मताची होते. मग जरा विचार केला, ब्लॉक केलं तर काका दुसऱ्या कंपनीचं काम घेणार, तेच पिवळं पाणी तसंच जाणार, फक्त आमचं नाव त्यात नसणार. आणि मी ज्याच्याकडे काम नेणार होते त्याचा रेट तर याच्यापेक्षाही कमी होता, मग त्याच्याकडे काय जादूचा ईटीपी होता का. संयुक्त राष्ट्रांची २०११ ची व्यवसाय आणि मानवाधिकारांची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यातही साधारण हेच म्हटलंय की आधी तुमचं वजन वापरून सुधारणा घडवा, ते जमतच नसेल तर संबंध तोडायचा विचार करा आणि तोडल्याने लोकांचं काय होईल तेही बघा. मला तेव्हा ती तत्त्वं माहीत नव्हती, नंतर एका कस्टमरच्या ट्रेनिंगमध्ये कळलं की आपण अंधारात चाचपडत बरोबर दाराशी आलो होतो.

तर आम्ही आठातले पाच टक्के परत दिले. फायनान्सने कटकट केली, केली तर केली. पण नुसते पैसे दिले असते तर मूर्खपणा झाला असता, म्हणून अटी घातल्या. ईटीपीला वेगळा वीजमीटर. आणि दर महिन्याला मेटाबायसल्फाइटची आणि चुन्याची खरेदीची बिलं, शिवाय गाळ धोकादायक कचरा म्हणून जिथे पाठवायचा तिथे पाठवल्याची पावती. आमच्या पार्टचं क्षेत्रफळ आम्हाला माहीत, महिन्याला किती नग केले ते माहीत, मग अंदाजे किती केमिकल लागायला पाहिजे आणि किती गाळ निघायला पाहिजे हे काढता येतं. ईटीपी चालतो का हे बघायचं असेल तर ईटीपी बघायला जाऊ नका, तो तुम्ही गेलात की चालू असतोच. बिलं बघा. प्लेटिंग दुप्पट झालं आणि गाळ तेवढाच, तर पाणी कुठे गेलं ते सांगायला ऑडिटर लागत नाही.

मग अजून एक गोष्ट लक्षात आली आणि ती जास्त लाजिरवाणी होती. ते पिवळं पॅसिव्हेशन मागितलं कोणी होतं? आमच्या ड्रॉइंगने. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात नोट, झिंक प्लेटेड, यलो पॅसिव्हेटेड. वीस वर्षांपूर्वी कुणीतरी लिहिलं, पुढच्याने कॉपी केलं, त्याच्या पुढच्याने कॉपी केलं. इलेक्ट्रॉनिक्समध्ये युरोपने आरओएचएस नियमाखाली १ जुलै २००६ पासूनच हेक्साव्हॅलंट क्रोमियमवर बंधन आणलं, शिसं, पारा, कॅडमियम यांच्यासोबत, आणि तिकडे जाणाऱ्या पार्टसाठी आमच्याच कंपनीत ट्रायव्हॅलंटचं स्पेसिफिकेशन तयार होतं. बाकीच्या पार्टला कोणी लावलं नाही, कारण कोणी मागितलं नाही. म्हणजे आम्ही विष मागवत होतो आणि वर ते नीट साफ केलं नाही म्हणून व्हेंडरला नोटीस देत होतो.

डिझाइनवाल्यांच्या मागे लागले. सुरुवातीला "ट्रायव्हॅलंटचा गंजापुढे टिकाव कमी असतो" हे ऐकवलं गेलं, जे अगदीच खोटं नाही, साधं पातळ निळं पॅसिव्हेशन घेतलं तर असतो कमी, पण जाड थराचं घेऊन वरून सीलर मारला तर सॉल्ट स्प्रेमध्ये, म्हणजे मिठाच्या पाण्याच्या फवाऱ्याच्या टेस्टमध्ये, चांगला टिकतो. ट्रायल घेतल्या, पहिल्या दोन फेल गेल्या, त्यात एकदा तर चूक आमचीच, पार्ट दमट पॅकिंगमध्ये आठवडाभर पडून होते. तिसरी पास. सात महिने गेले यात.

आता शेड्यूलबद्दल, कारण माझ्या मते रेटपेक्षाही जास्त घाण इथे होते आणि याच्यावर कोणी बोलत नाही. सेल्सवाले महिन्याच्या पंधरा तारखेला फोरकास्ट बदलतात, प्लॅनिंग ते तसंच खाली ढकलतं, आणि मी व्हेंडरला फोन करते, "शुक्रवारपर्यंत डबल पाहिजे, लाइन थांबेल." लाइन थांबेल हे ब्रह्मास्त्र आहे, यापुढे कोणी काही बोलत नाही. व्हेंडर हो म्हणतो. कसं करतो? त्याच्याकडे काही जास्तीचं मशीन नाही. तीच माणसं रात्रपाळीला थांबतात, नाहीतर माल गुपचूप तिसऱ्याच कुणाकडे करायला जातो ज्याचं नाव आमच्या यादीत नाही. आणि मग आमचाच ऑडिटर जाऊन विचारतो की आठवड्याला साठ तासांपेक्षा जास्त काम का. अनेक ठिकाणी यावर उपाय म्हणजे दोन मस्टर ठेवणं, एक खरं आणि एक आपल्यासाठी. मी एका ठिकाणी बघितलंय, सगळ्यांच्या सह्या एकाच पेनाने, महिनाभर एकही रजा नाही, एकालाही सर्दी झाली नाही.

राणा प्लाझाचं नाव यात निघतंच. २४ एप्रिल २०१३, ढाक्याजवळ सावरला आठ मजली इमारत कोसळली, १,१३४ माणसं गेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले सगळ्यांनी बघितले होते. खालच्या मजल्यावरची बँक आणि दुकानं बंद ठेवली गेली, वरच्या कपड्यांच्या कारखान्यांतल्या लोकांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं. त्या कारखान्यांवर ऑर्डर वेळेत पूर्ण करायचा दबाव होता हे नंतर सगळीकडे आलं. बेकायदा मजले चढवले तो गुन्हा इमारतवाल्याचा, कामावर बोलावलं तो कारखानेवाल्यांचा, मी पर्चेसवाल्यांना त्यात ओढत नाहीये. पण वाचताना मला ती डिलिव्हरीची तारीखच दिसत राहिली. कारण ती तारीख टाकणारी व्यक्ती कुठेतरी माझ्यासारख्याच टेबलावर बसलेली असणार, आणि तिने तडा बघितलेला नसणार.

आम्ही एवढंच केलं की दोन आठवड्यांचं शेड्यूल फ्रीज. त्यात बदल करायचा असेल तर प्लॅनिंग हेडची सही आणि जास्तीच्या रेटचा पीओ, ओव्हरटाइमचे पैसे आम्ही देणार. सुरुवातीला रोज भांडणं. गंमत म्हणजे ज्या दिवसापासून जास्तीचे पैसे द्यावे लागले त्या दिवसापासून "अर्जंट" माल एकदम कमी झाला, अर्ध्याहून जास्त अर्जंट हे अर्जंट नव्हतंच, कुणीतरी एक मेल उशिरा बघितला होता.

पेमेंटचं थोडक्यात सांगते, कारण सगळ्यांना माहीतच आहे. नव्वद दिवसांनी पैसे द्यायचे म्हणजे तीन महिने तो छोटा माणूस बँकेकडून व्याजाने पैसे घेऊन आपल्या मोठ्या कंपनीला चालवतो. युरोपात २०११ च्या डायरेक्टिव्हने कंपन्या-कंपन्यांमध्ये साधारण ६० दिवसांची मर्यादा घातली पण दोघांनी लेखी मान्य केलं तर जास्त चालतं अशी फट ठेवली, आणि छोटा व्हेंडर मान्य नाही करणार तर करणार काय. आमच्याकडे छोट्यांसाठी तीस दिवस करून घेतलं. यात मी काही क्रांती केली नाही, फायनान्समध्ये नवीन आलेले साहेब आधी स्वतः एका छोट्या कंपनीत होते, त्यांना पटवावं लागलंच नाही.

आता हिरव्या कागदांबद्दल, कारण यात मी स्वतः फसलेय. एक मोल्डिंगवाला आला, "आमच्या पार्टमध्ये ३० टक्के रिसायकल्ड प्लास्टिक." छान. सर्टिफिकेटसारखा कागद, त्यावर पान आणि बाण. मी ते प्रेझेंटेशनमध्ये टाकलं, टाळ्या पण घेतल्या. सहा महिन्यांनी त्याच्या शॉपवर ग्राइंडर बघितला, त्याचेच रनर (साच्याच्या वाटांमध्ये उरलेलं प्लास्टिक) आणि रिजेक्ट पार्ट दळून परत त्याच मशीनला घालत होता. हे सगळेच मोल्डिंगवाले कायम करत आलेत, करायलाच पाहिजे, पण याला रिसायकल्ड म्हणत नाहीत. पर्यावरणाच्या दाव्यांचं स्टँडर्ड आहे आयएसओ १४०२१, त्यात स्पष्ट आहे की त्याच प्रोसेसमधून निघालेला आणि त्याच प्रोसेसमध्ये परत घातलेला माल धरायचा नाही. तेव्हापासून मी एकच प्रश्न विचारते, हा भंगार आधी कुणाचा होता? उत्तर "आमचाच" आलं तर विषय संपला. तसंच कोणी "आम्ही आयएसओ २०४०० सर्टिफाइड आहोत" लिहून पाठवलं तर सावध व्हायचं, ते २०१७ चं जबाबदार खरेदीचं मार्गदर्शक स्टँडर्ड आहे, सर्टिफिकेशनसाठी बनवलेलंच नाही.

खरं रिसायकलिंग मात्र जिथे आहे तिथे खरंच मोठं आहे. ॲल्युमिनियम घ्या, भंगारातून वितळवून केलेल्याला खनिजापासून बनवलेल्याच्या साधारण ५ टक्के ऊर्जा लागते. एवढा फरक दुसरीकडे कुठे क्वचितच मिळेल. म्हणून डाय कास्टिंगच्या पार्टला मी आता विचारते की इंगट, म्हणजे वितळवायची ॲल्युमिनियमची वीट, कुठलं, आणि आमचा स्वतःचा मशीनिंगचा चुरा ग्रेडप्रमाणे वेगळा ठेवायला शॉपवाल्यांशी भांडते, कारण एकदा दोन ग्रेड एकत्र झाले की तो चुरा खालच्या कामालाच जातो.

आणि कार्बनचा हिशोब, अरे देवा. स्कोप ३ म्हणजे विकत घेतलेली वीज वगैरे सोडून आपल्या गेटबाहेरचं सगळं उत्सर्जन, त्याच्या पंधरा कॅटेगरी, पहिलीच कॅटेगरी विकत घेतलेला माल आणि सेवा. पहिल्या वर्षी कन्सल्टंटने खर्चावरून काढून दिलं, म्हणजे स्टीलवर एवढे पैसे गेले गुणिले एक आकडा बरोबर एवढा कार्बन. चालतं हे, पद्धत मान्य आहे, सुरुवात करायला बरी आहे. पण मी शीटमध्ये सहज एक रेट ५ टक्के कमी करून बघितला तर कार्बन पण ५ टक्के कमी! तेवढंच स्टील, तीच भट्टी, तोच कोळसा, आणि मी नुसतं घासाघीस करून पृथ्वी वाचवली. हे मीटिंगमध्ये दाखवलं तेव्हा दोघंच हसले. आता निदान स्टील, ॲल्युमिनियम आणि प्लास्टिक या तिघांचं वजनावर काढतो, आणि स्टील खनिजापासून ब्लास्ट फर्नेसमध्ये झालेलं की भंगारापासून इलेक्ट्रिक भट्टीत, एवढं तरी विचारतो, कारण फरक तिथे पडतो.

मिनरलच्या एक्सेलचं सांगितलंच पाहिजे. अमेरिकेच्या २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्यात कलम १५०२ आहे, टिन, टंगस्टन, टँटलम आणि सोनं काँगो आणि शेजारच्या देशांतून येऊन तिथल्या सशस्त्र टोळ्यांना पैसा पुरवतंय का, हे तिथल्या लिस्टेड कंपन्यांनी तपासायचं. त्यांचा एक्सेल फॉर्म कस्टमरकडून आम्हाला, आमच्याकडून व्हेंडरला, असा खाली घरंगळत येतो. त्यात स्मेल्टरचं, म्हणजे खनिज वितळवून धातू काढणाऱ्या कारखान्याचं नाव लिहायचं असतं. आमच्या एका वायर हार्नेसवाल्याने (वायरचे जुडगे बनवणाऱ्याने) फोन करून विचारलं, "मॅडम, यात स्मेल्टरचं नाव विचारलंय, मी तर ट्रेडरकडून सोल्डर वायर आणतो, कुणाचं नाव लिहू?" त्याच्या आधीच्या वर्षी त्याने सगळीकडे "नो" टिक करून पाठवलं होतं आणि आम्ही "कम्प्लीट" म्हणून फाइलला लावलं होतं. शेवटी आम्हीच सोल्डरचे दोन ब्रँड ठरवून दिले जे आपल्या स्मेल्टरची यादी देतात. शंभर व्हेंडरना फॉर्म पाठवण्यापेक्षा हे सोपं होतं, आधी सुचलं नाही एवढंच.

जे फसलं तेही लिहिते. खोक्यांऐवजी परत येणारे प्लास्टिकचे क्रेट. जवळच्या व्हेंडरकडे मस्त चाललं, खोकी बंद, थर्माकोल बंद. त्याच उत्साहात एका लांबच्या व्हेंडरलाही लावलं, तर रिकामे क्रेट परत न्यायला ट्रक अर्धा रिकामा फिरायला लागला, क्रेट घडीचे नव्हते, आणि वर्षभरात तिसरा हिस्सा गायब. तिथे परत खोक्यावर आलो. घडीचे क्रेट घेऊन बघायचेत, पण त्याचं बजेट मागायला अजून तोंड नाही.

कॉस्ट शीटमध्ये आता मजुरी आणि सांडपाणी अशा दोन ओळी वेगळ्या असतात आणि निगोशिएशनमध्ये त्यांना हात लावायचा नाही असा नियम आहे. घासाघीस करायची तर बाकीच्या ओळींवर करा, सायकल टाइम कमी करा, पार्टचं वजन कमी करा, प्रॉफिटवर भांडा, काही म्हणणं नाही. नवीन मुलं आली की पहिल्या महिन्यात हमखास त्या ओळी पाडून आणतात आणि खुश होऊन दाखवतात. ओरडत नाही मी. प्लेटिंगवर घेऊन जाते आणि मागच्या टाक्या दाखवते.

काका आता रिटायर झालेत, मुलगा बघतो. गेल्या महिन्यात त्याच्या मीटरचं रीडिंग आणि केमिकलची बिलं जुळत होती, गाळाची पावती एक आठवडा उशिरा आली. आमच्याकडे जुन्या सर्व्हिस पार्टच्या चाळीसेक ड्रॉइंगवर अजून पिवळं पॅसिव्हेशन तसंच आहे, ती कस्टमरच्या मालकीची ड्रॉइंग, त्यांच्या मंजुरीशिवाय बदलता येत नाहीत. पाच मेल झाले. सहावा परवा टाकलाय, यावेळी त्यांच्या सस्टेनेबिलिटीवाल्यांना कॉपीत ठेवून.